प्लास्टिक विसरत नाही

मास्तरांनी गाडीचा बंपर सोडवून काढला आणि अंगणात दोन स्टुलांवर आडवा ठेवला. तीस वर्षं शाळेत हस्तकला शिकवलेली. निवृत्त झाल्यावरही कामाला हात घातला की ते समोर वर्ग बसल्यासारखे बोलत.

"आधी साबणाने धुवायचं. तेलकट बोट लागलं तरी रंग धरत नाही. मग पोचा काढायचा."

"मला कशाला शिकवताय? मी तुमची कायमची नापास," बायको उकळत्या पाण्याची किटली घेऊन आली. "आणि हा माझा स्वयंपाकघरातला टॉवेल ना?"

ते हसले नाहीत. घरात चार दिवस कुणीच हसलं नव्हतं. त्यांचा मुलगा गाडी दारात लावून "खांबाला धडकली, बाबा," एवढंच म्हणाला आणि खोलीत जाऊन बसला. जेवण नाही, कामावर जाणं नाही. मास्तरांनी पुढे विचारलं नाही. बंपर नीट झाला की पोरगं ताळ्यावर येईल, असं बायको म्हणत होती.

त्यांनी पोच्यावर पाणी ओतलं. मऊ झाल्यावर आतून दाबलं. पोचा टप्पकन बाहेर आला.

"बघ. प्लास्टिक आपला आकार विसरत नाही."

पण पोचा गेला तिथे एक उथळ ठसा राहिला. तळवा आणि पाच बोटं. लहान.

"आकसलं असेल," मास्तर म्हणाले.

बायको रिकामी किटली घेऊन आत गेली, ती परत बाहेर आली नाही.

त्यांनी ठशात पुट्टी भरली, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासली, प्रायमर मारला. दुपारी तळवा पुन्हा उमटला. त्यांनी पुन्हा भरला. दुसऱ्या दिवशीही तेच. भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. कागदाची चुकलेली घडी पोराकडून परत घालून घ्यावी, तसे ते काम करत राहिले.

तिसऱ्या दिवशी चंदेरी रंगाचे तीन हात दिले. दिवसभराच्या उन्हात रंग कडकडीत वाळला. ठसा नव्हता. मास्तरांनी बोट दाबून पाहिलं. बोट कोरडं.

बंपर बसवायला दुसरं टोक धरायला हवं म्हणून त्यांनी मुलाला हाक मारली. तो आला, बंपरजवळ उभा राहिला.

"खांब केवढा होता रे?"

"एवढा." त्याने कमरेजवळ हात धरला, तळवा खाली. "कुठून आला कळलंच नाही, बाबा."

हात तिथेच राहिला. मग बोटं हलू लागली. हळूहळू, केसांतून फिरावीत तशी. मुलाचं लक्ष नव्हतं. तो रस्त्याकडे बघत होता.

मास्तरांची नजर त्या हाताखाली गेली.

मुलाच्या पँटवर, गुडघ्याच्या जरा वर, पाच चंदेरी बोटं उमटली होती.

ओली.