गच्चीवरच्या टाकीचा पत्रा

दार ओढून घ्या आधी. कडी नको, नुसतं ओढा. आणि धाकटीला कुणीतरी मांडीवर घ्या, नाहीतर ती अंधारात उठून चालायला लागेल आणि तुम्ही सगळे उगाच किंचाळाल.

ही गोष्ट माझ्यावर बेतलेली नाही. माझ्या शेजारच्या गाळ्यात एक वेल्डर होता, त्याची आहे. मी तेव्हा लेथवर काम करायचो. आमच्या दोन गाळ्यांत भिंत एकच. त्यानं तिकडे हातोडी मारली की इकडे माझ्या चहात तरंग उठायचे. त्यानं हे आख्ख्या जगात दोघांनाच सांगितलं, एक मला आणि एक त्याच्या बायकोला. बायकोला अर्धंच सांगितलं.

"आजोबा, आम्हाला पूर्ण सांगा हं."

पूर्णच सांगतो. मग झोप नाही आली तर माझ्याकडे येऊ नका. मी जागाच असेन, पण दार उघडणार नाही.

तर झालं असं, त्याच्याकडे एक शिल्पकार बाई आल्या. बारीक चणीच्या, नखांत कायमची माती, बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या हाताकडे बघायच्या. त्यांनी कागद उलगडला. कागदावर एक आई. गुडघे जवळ घेऊन, मान खाली घालून जमिनीवर बसलेली. उभ्या माणसापेक्षाही उंच आणि आतून पोकळ. एका बागेत बसवायची होती.

"नवा पत्रा नको," बाई म्हणाल्या. "ऊन-पाऊस खाल्लेला हवा. कातडीसारखा."

म्हणून एका दुपारी दोघं भंगारवाल्याकडे गेले. भिंतीला मोठे मोठे पत्रे टेकवलेले होते, एकाच टाकीचे कापलेले. बाईंनी त्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "हेच."

आता वेल्डरचा एक नेम असतो. जुन्या टाकीचा नाहीतर पिंपाचा पत्रा असला की त्याला आग लावण्याआधी एकच प्रश्न विचारायचा. आत काय होतं? कारण पेट्रोल असो, थिनर असो, लोखंड ते विसरत नाही. ठिणगी पडली की भडका. ह्याच्या ओळखीच्या एकाच्या भुवया गेल्या होत्या, त्या परत आल्याच नाहीत.

ह्यानं विचारलं, "आत काय होतं?"

"पाणी," भंगारवाला म्हणाला. "गच्चीवरची टाकी."

"नक्की?"

"अरे, पेट्रोल गच्चीवर कोण ठेवतं? विमान उतरवायचं होतं का त्यांना?"

बाई हसल्या, हाही हसला. पाणी म्हटलं की वेल्डर निवांत होतो. त्यापुढे काही विचारायचं असतं, हे त्याच्या डोक्यातही येत नाही.

दीड महिना काम चाललं. त्याला एक मुलगी होती, सहा वर्षांची. घरात तिला बिट्टी म्हणायचे. गाळ्याच्या मागे एक खोली, तिथेच त्यांचं बिऱ्हाड. पुतळ्याची पाठ शेवटी बंद करायची होती, त्यामुळे पाठीला दाराएवढी जागा उघडी होती. बिट्टीनं ते स्वतःचं घर करून टाकलं. शाळेतून आली की दप्तर फेकायचं आणि आत जाऊन बसायचं. आतून ओरडायचं, "बाबा, शोधा मला!" आणि बापानं मुद्दाम सगळीकडे शोधायचं. टेबलाखाली, पिंपामागे, शेवटी आत डोकावायचं.

बायकोला ते अजिबात आवडायचं नाही.

"कधी काय डोक्यात पडेल त्या पोरीच्या. काढा तिला तिथून."

"अगं, लोखंडाची असली तरी आई आहे. खाणार आहे का तिला?"

"विनोद पुरे झाले. तुमचं लक्ष लोखंडात असतं, म्हणून सांगते."

ती एका गिरणीत रात्रपाळीला जायची. ज्या दिवसाची ही गोष्ट आहे, तो गुरुवार होता. जानेवारीची एकोणीस तारीख. सकाळी सहाला ट्रक येणार होता पुतळा न्यायला. फक्त पाठीचा पत्रा राहिला होता. बिट्टीला सर्दी झाली होती. साडेआठला निघताना बायकोनं दारात चप्पल घालता घालता तीनदा सांगितलं. "अंगावरून पांघरूण काढते ती. मधूनमधून बघा. एकदा बघून होत नाही."

"बघतो गं."

"बघतो म्हणजे काय? उठून बघा."

साडेदहाला तो उठून बघून आला. पोरगी खाटेवर पांघरुणात गुरफटून झोपली होती.

मग पाठ बंद करायला घेतली. पोकळ वस्तू बंद करण्याआधी आत बॅटरी मारून बघायचं आणि हाक मारायची, ही पण वेल्डरांची पद्धत. हातोडी राहते, फडकं राहतं. त्यानं बॅटरी मारली. आत काही नाही. गमतीत हाक मारली, "आहे का कुणी?"

...कुणी, कुणी, कुणी. आवाज आतल्या आत फिरून विरला.

पत्रा जड होता, साखळीनं टांगलेला. साखळी वर अडकली. तो शिडीवर चढला, कडी सोडवली, खाली उतरला. पाच मिनिटं गेली असतील. पत्रा जागेवर बसवला आणि वेल्डिंग सुरू केलं.

त्यानं पुन्हा आत बघितलं नाही.

एवढंच चुकलं त्याचं. पुन्हा बघितलं नाही.

आणखी एक सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. अशी वस्तू बंद करताना एक बारीक भोक ठेवतात. आतली हवा तापते, तिला बाहेर पडायला वाट लागते. पण बाईंनी बजावलं होतं, पाठीवर भोक नको, पावसाचं पाणी आत जाईल, शिवाय दिसायला वाईट. हा म्हणाला, ठीक आहे, जमवतो.

पावणेबारा झाले. सगळीकडून पत्रा जोडून झाला, शेवटची टाचणीच्या डोक्याएवढी जागा उरली. ती काही केल्या बंद होईना. आतली गरम हवा तिथून बाहेर यायची आणि वितळलेलं लोखंड उडवून लावायची. असं होतं. सगळ्यांचंच होतं. तो थांबला. थंड होऊ दिलं. थंड झालं की हवा आत ओढली जाते, तेही त्याला माहीत होतं.

हवा आत गेली. बारीक शिट्टीसारखा आवाज.

मग बाहेर आली.

मग आत गेली.

...मग बाहेर.

रॉड हातात धरून तो बघत राहिला. लोखंड एकदा थंड व्हायला लागलं की पुन्हा आपोआप तापत नाही. हवा एकदा आत गेली की आत गेली. हे असं आत-बाहेर...

थकलो असेन, असं म्हणून त्यानं काच डोळ्यांवर घेतली आणि ते भोक बुजवून टाकलं.

हातोडीनं वरची खपली उडवली. टक, टक, टक.

आतून आलं. टक, टक, टक.

थंड होणारं लोखंड वाजतं. त्याला ठाऊक होतं. पण वीस वर्षांच्या सवयीनं त्याचा हात उठला आणि त्यानं दोनदा मारलं. टक, टक.

...टक, टक.

काय रे, घाबरलात? सांगू ना पुढे?

आणखी जवळ सरकलात. बरं.

आतून आवाज आला. बारीक. सर्दीनं भरलेला.

"बाबा... सापडले का मी?"

त्याच्या हातातली हातोडी कधी पडली त्याला कळलं नाही. तो मागच्या खोलीत धावला. दिवा लावला. पांघरूण ओढलं. खाली उशी. नुसती उशी. दार उघडं होतं. साखळी सोडवायला गेला होता ती पाच मिनिटं त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. पोरगी उठली. बाबा शिडीवर. पोरगी आत जाऊन बसली... आणि आपण...

आपल्या हातानं.

तो परत आला. लोखंडाला हात लावला, चटका बसला.

"बिट्टी! बाळा, आहेस ना? बोल!"

"बाबा, गरम होतंय."

"आत्ता काढतो तुला. आत्ता. रडू नको."

"श्वास नाही येत."

आगीनं कापावं तर आत पोरगी भाजणार. त्यानं ग्राइंडर घेतला. ठिणग्या त्याच्याही उडतात, पण दुसरं काय करणार? पत्र्याला तोंड लावून तो म्हणाला, "बाळा, पुढे सरक. तिच्या गुडघ्यांकडे. डोळे घट्ट मीट. मी सांगेपर्यंत उघडू नको."

"मिटले."

त्यानं कापायला सुरुवात केली. ग्राइंडरचा आवाज तुम्ही ऐकलाय, कानात दुसरं काही शिरत नाही. तो दर थोड्या वेळानं थांबत होता. "आहेस ना?" "आहे." पुन्हा कापायचा. "आहेस ना?" "...आहे." आवाज बारीक होत चालला होता. वीतभर चीर पडली. चाक अडकत होतं. बायको सकाळी दारात उभी राहील आणि विचारेल, कुठे आहे ती? एवढंच त्याला दिसत होतं.

"आहेस ना?"

उत्तर नाही.

"बिट्टी!"

कुणीतरी मागून त्याचा सदरा ओढला.

तो वळला. मागे बिट्टी उभी. अनवाणी, केस विस्कटलेले, गालावर भिंतीचा चुना.

"बाबा, मी खाटेच्या मागे पडले," ती म्हणाली. "भिंतीकडे. तुम्ही कोणाला हाका मारताय?"

खाट आणि भिंत यांच्यात हातभर फट होती. झोपेत घसरली होती पोरगी. त्यानं पांघरूण ओढलं, पण वाकून पलीकडे बघितलं नव्हतं. त्यानं तिला उचललं. कपाळ बघितलं. गरम. नाक वाहत होतं. मानेला तेलाचा वास. आपलीच. शंभर टक्के आपलीच पोरगी. त्यानं तिला इतकं आवळलं की ती रडायला लागली.

आणि मग पत्र्याच्या आतून... तोच आवाज. सर्दीनं भरलेला.

"बाबा... ती कोण आहे?"

...

तो हलला नाही. बिट्टीनंही ऐकलं. तिनं रडणं थांबवलं. बापाच्या कानाशी तोंड नेलं आणि हळूच विचारलं, "बाबा, आत मी आहे?"

"नाही," तो म्हणाला. "तू इथे आहेस."

आतून नुसता श्वास. आत. बाहेर. आत. त्या चिरेतून काळोख दिसत होता. त्याला पळायचं होतं.

"बाबा, डोळे उघडू?"

त्यानं बिट्टीचं तोंड आपल्या खांद्यात लपवलं.

"बाबा... मला बाहेर नका काढू. भोक तरी पाडा. एक."

मला हे सांगताना तो वेल्डर, सहा फूट उंच गडी, लहान मुलासारखा रडला होता. म्हणाला, पळून गेलो असतो हो, पण बाप आहे ना. कुणाचंही असो, लेकरू हवा मागतंय.

पोरीला एका कडेवर घेऊन त्यानं ड्रिल उचललं. पाठीच्या खाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी एक भोक पाडलं. करंगळी जाईल एवढं. ड्रिल बाहेर काढलं आणि तिथून हवा आली. गरम नाही. गार. बंद टाकीचा, शेवाळाचा वास असलेली गार हवा. खूप वेळ येत राहिली. एखाद्यानं फार दिवस धरून ठेवलेला श्वास सोडावा तशी.

मग सगळं शांत झालं.

त्यानं खोलीचं दार लावलं, खाट दाराला लावली आणि पोरीला पोटाशी धरून उजाडेपर्यंत बसून राहिला.

साडेपाचला त्यानं भंगारवाल्याला फोन लावला. "टाकी कसली होती?"

"पाण्याची. सांगितलं ना. एवढ्या पहाटे..."

"पाणी नसताना आत काय होतं?"

"तुला कुणी सांगितलं?" भंगारवाला म्हणाला. आवाज उतरला होता त्याचा. "रिकामी होती टाकी. पोरं लपाछपी खेळत होती, एक पोरगी आत जाऊन लपली. वरून झाकण पडलं... तीन दिवस सगळीकडे शोधत होते म्हणे. गच्चीवर जाऊन हाक कुणी मारलीच नाही. सहा वर्षांची होती. ...तू काम पूर्ण केलंस ना? परत आणू नकोस हं पत्रा."

ह्यानं फोन ठेवला.

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. बाई ट्रकमध्येच बसून आल्या होत्या. रात्री कापलेली चीर त्यांना दिसण्याआधी भरून टाकावी म्हणून तो रॉड घेऊन घाईघाईनं पुतळ्यामागे गेला. खाली वाकला. बोटानं चीर चाचपली.

चीर भरलेली होती.

ह्यानं भरली नव्हती. रात्री खोलीचं दार लावल्यावर तो बाहेर आलाच नव्हता. आणि वेल्डिंगला दोन बाजू असतात. ज्या बाजूनं मारतात तिकडे रेघ दिसते, पलीकडे तिची पाठ. बाहेरच्या बाजूला फक्त त्या रेघेची पाठ दिसत होती. म्हणजे ती चीर आतून बुजवलेली होती. वीतभर लांब. वाकडीतिकडी, जागोजागी थांबत थांबत गेलेली. नुकतं लिहायला शिकलेल्या पोरानं पाटीवर ओढावी तशी.

त्यानं रॉड खाली ठेवला आणि ट्रकवाल्यांना म्हणाला, "उचला. सांभाळून उचला."