स्पेनचे बारा रंगीत फोटो

विशाखा त्या दुकानात शिरली ती तशी नाइलाजानंच. तिला जायचं होतं चौकातल्या मोठ्या स्टुडिओत. पण मालकाच्या घरी लग्न निघालं होतं आणि दाराला कुलूप होतं. परभणीच्या स्टेशन रोडवर उन्हात उभं राहून तिनं इकडेतिकडे पाहिलं, तर समोर एक अरुंद पाटी दिसली – 'बन्सीधर फोटो स्टुडिओ'. पर्समध्ये तीन रोल होते. महिनाभर तिनं ते जिवापाड सांभाळले होते. तिनं रस्ता ओलांडला.

१९७८ सालचा जानेवारी होता तो.

काउंटरमागे पंचविशीतला एक तरुण कुठल्याशा आजोबांच्या फोटोतल्या फेट्याला ब्रशनं गुलाबी रंग देत बसला होता. रोल हातात घेऊन त्यानं विचारलं, "कुठले हायत?"

"स्पेनचे."

त्यानं मान वर केली. "म्हणजे... हैद्राबादच्या पुढं?"

"जरासं पुढं."

तो हसला नाही. पण डोळे हसत होते. स्पेन कुठं आहे ते याला नीट ठाऊक आहे, हे तिच्या लक्षात आलं, आणि उगीचच तिनं पदर सारखा केला.

विशाखा वालूरची. वडील लिंबाजी गुरुजी तिथल्या प्राथमिक शाळेत. छप्पन साली घरादारानं बौद्ध धम्म घेतला, आणि त्यानंतर जन्मलेली पहिली लेक म्हणून गुरुजींनी नाव ठेवलं विशाखा. आता ती परभणीच्या शेतकी कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. अख्ख्या वर्गात मुलगी अशी ती एकटीच. विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या योजनेतून आठ जणांचा गट संत्र्या-लिंबाच्या बागा नि पाटबंधारे बघायला सहा आठवडे स्पेनला जाऊन आला, त्यात तिचा नंबर लागला होता. कॅमेरा सरांचा, पण फोटो काढायचं काम हिच्याकडे.

चार दिवसांनी ती फोटो न्यायला आली, तेव्हा त्यानं सगळे काउंटरवर पत्त्यांसारखे मांडून ठेवले होते.

"तीन रोल, एकशे आठ फोटो," तो म्हणाला. "अन् तुमी एकातबी न्हाई."

"कॅमेरा माझ्याच हातात होता ना."

"एकदाही कुणाला म्हणावं वाटलं न्हाई... जरा धर रे म्हणून?"

 खरं तर कुणी तिला हे विचारलंच नव्हतं. तिनं घाईनं कामाचं काढलं. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात प्रवासाचं प्रदर्शन होतं. त्यासाठी निवडक बारा फोटो मोठे करून, रंगवून हवे होते. मुदत तीन आठवडे.

"रंगवतो की. पण मी कुठं बघितलंय स्पेन? फोटोत तर सगळं काळं-पांढरं. रंग तुमालाच सांगावे लागतील, बाई. बसून."

"रोज?"

"रोज," तो गंभीरपणे म्हणाला. "लय बारीक काम असतंय."

त्याचं नाव भुजंग. घराणं सेलूच्या रंगाऱ्यांचं. वडिलांनी कापडाचे रंग सोडून फोटोचे रंग धरले आणि परभणीला आले. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत तो आणि आई मालनबाई राहत.

मग कॉलेज सुटलं की विशाखा येऊन बाकावर बसू लागली. पहिल्याच दिवशी मालनबाई चहाचं विचारायला आल्या, गाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं, मग वालूरातली आळी विचारली. आणि चहा करायला आत गेल्या.

पहिला फोटो कॉर्डोबाच्या जुन्या मशिदीचा. आत खांबच खांब, नजर पोचेल तिथवर, आणि त्यांच्यावर पट्ट्यापट्ट्यांच्या कमानी.

"एक पट्टा पांढरट, एक लाल," विशाखा म्हणाली.

"लाल कसला? कुंकवाचा, विटेचा, का मिरचीचा?"

ती डोळे मिटून आठवू लागली. "जुन्या विटेचा. पावसानं धुतलेल्या... आणि माहीत आहे का, त्या मशिदीच्या मधोमध चर्च बांधलंय. एका बाजूला घंटा, एका बाजूला अरबी अक्षरं. मी अर्धा तास नुसती उभी होते."

"अन् मग फोटो काढला."

"मग सरांनी हाक मारली, म्हणून काढला."

सेव्हिलचा फोटो आला तेव्हा ती सांगायच्या आधीच हसत सुटली. तिथं रस्त्याच्या दोन्ही कडांना संत्र्यांची झाडं, फळांनी वाकलेली, आणि कुणी हात लावत नाही. सर म्हणाले, काय लोक आहेत, फुकटची संत्री अन् खाईनात! सगळ्यांनी तोडली. सोलली. तोंडात घातली...

"मग?"

"कडूजहर! शोभेची झाडं ती. आठ जणांची तोंडं अशी झाली – आणि पलीकडच्या बाकावरच्या म्हाताऱ्या हसून हसून लोळायच्या बाकी."

भुजंग इतका हसला की ब्रशचा फराटा थेट रस्त्यावर उठला. कापसाच्या बोळ्यानं तो पुसता पुसता त्यानं विचारलं, "माझं नाव कसं घेतील तिथं?"

"तुमचं अवघड आहे. इंग्रजी 'जे' दिसला की ते 'ख' म्हणतात. तुम्ही व्हाल... बुखांग."

"म्हणजे कायमचा भुकेला."

"ते मला काय माहीत," ती म्हणाली, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्याचं तिला कळलं.

टोलेडोचा फोटो झाला – नदीनं तिन्ही बाजूंनी वेढा घातलेलं, डोंगरावरचं गाव. व्हॅलेन्सियाचा झाला – दर गुरुवारी भर दुपारी मोठ्या चर्चच्या दाराशी काळे डगले घालून आठ शेतकरी खुर्च्यांवर बसतात आणि कालव्याच्या पाण्याची भांडणं तिथल्या तिथं तोडतात. कागद नाही, वकील नाही. "आमच्या बापूंना, वडलांना, हे इतकं आवडलं," ती म्हणाली, "त्यांनी चौथीच्या पोरांना दोनदा सांगितलं."

ग्रानाडाच्या फोटोपाशी मात्र भुजंग थांबला. राजवाड्यातून वाहणारा पाण्याचा पाट, सरूची झाडं, आणि मागे बर्फाचे डोंगर.

"पांढरा कोणता लावणार?" तिनं विचारलं.

"पांढरा लावत न्हाईत. ठेवतात. आजूबाजूचं नीट रंगवलं की तो आपोआप दिसतो."

ती त्याच्या हाताकडे पाहत राहिली. मग हळू म्हणाली, "एक सांगू? तिथं एका बागवानाच्या घरी आम्ही जेवलो. त्याच्या आईनं मला जवळ बसवून घेतलं, स्वतःच्या ताटातलं मला भरवलं. नाव विचारलं. बस्, नावच... पुढचं काही नाही. सहा आठवडे मी फक्त विशाखा होते. विमानातून उतरले, परभणीच्या गाडीत बसले, आणि समोरच्या बाईनं विचारलं – कुणापैकी?"

भुजंगचा ब्रश हवेतच राहिला.  

दिवस जात होते. रोज काही ना काही अडायचं. कधी आभाळाची निळाई नीट बसायची नाही, कधी माद्रिदच्या ट्रॅफिक पोलिसाचा कोट चुकायचा. "उद्या या बाई, रंग बराबर बसंना झालाय." तीही रोज यायची. वसतिगृहातल्या आरशासमोर वेणी दोनदा घालायची आणि स्वतःवरच रागवायची.

एका शनिवारी सकाळी लेक्चर झालं नाही म्हणून ती वेळेआधीच आली. दुकान उघडं होतं, भुजंग नव्हता. मागच्या दोरीवर बाराही फोटो चिमट्यांनी लटकत होते. रंगवून, वाळवून, अगदी तयार. कडेला पेन्सिलीनं तारखा टाकल्या होत्या. शेवटची तारीख दहा दिवसांपूर्वीची.

तो मागच्या दारानं आला आणि तिला पाहून जागच्या जागी थबकला.

"हे केव्हा झाले?" तिनं विचारलं.

"झाले... मागंच."

"मग निळा बसत नव्हता तो?"

"दुसऱ्या कागदावर बसवत होतो." त्यानं मान खाली घातली. "खोटं बोललो. रंग संपले असते तर तुमी आला नसता. मला तर स्पेन पाठ झालाय, विशाखाबाई. तरी वाटायचं, अजून एखादं शहर असावं..."

ती रागावणार होती. तसं ठरवूनही टाकलं होतं तिनं. पण ओठच ऐकेनात. ती हसली, आणि तोही हसला. त्याच वेळी मालनबाई चहा घेऊन आल्या. त्याच्यासाठी कपबशी, आणि तिच्यासाठी बाहेरच्या कोनाड्यातून उचललेला, कड चेपलेला पितळी पेला. ठेवून त्या निघून गेल्या.

भुजंगनं कपाकडे पाहिलं. पेल्याकडे पाहिलं. कोनाड्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"हा... हमेशा हाच असतो?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का न्हाई?"

"मी वाट बघत होते," ती म्हणाली. "तुम्हाला लाल रंगाचे तीन प्रकार दिसतात. म्हटलं, हे कधी दिसतंय."

तिला वाटलं, आता तो काही बोलेल. पण तो नुसता कोनाड्याकडे बघत राहिला. रस्त्यावरून टांगा गेला, त्याच्या घुंगरांचा आवाज येऊन विरला. विशाखानं पर्स उचलली. "फोटो शिपायाबरोबर पाठवून द्या."

प्रदर्शन छान झालं. लोकांनी गर्दी केली, कडू संत्र्यांची गोष्ट तिला वीस वेळा सांगावी लागली. ती दर वेळी हसून सांगत होती आणि दर वेळी दाराकडे बघत होती. भुजंग आला नाही. परीक्षेच्या अभ्यासाची सुट्टी लागली, तशी ती वालूरला निघून गेली.

त्या शनिवारानंतर पंधरा दिवसांनी, भर दुपारी, धुळीनं माखलेला एक माणूस गुरुजींच्या अंगणात उभा राहिला.

"गुरुजी हायत का? मी भुजंग. परभणीहून आलो. सकाळीच पोचलो असतो, पण चुकीच्या गाडीत बसलो अन् थेट देवगाव फाट्याला उतरलो..."

विशाखा दारात आली. तिचा हात चौकटीवरच राहिला.

सरजाबाईंनी – विशाखाच्या आईनं – पाणी दिलं, पिठलं-भाकरी वाढली. तो मनापासून जेवला. हात धुऊन त्यानं गुरुजींसमोर बैठक मारली आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. विशाखाशी लग्न करायचं मनात आहे, आई तयार नाही, हेही सांगितलं.

गुरुजींनी शांतपणे ऐकलं. "आमच्या घरी जेवलात, चांगलं वाटलं. पण खरं सांगू का? इथं जेवणं सोपं हाय. लय लोक जेवून जातात अन् चार जणांना सांगतात. अवघड पुढं हाय. ही तुमच्या घरी जेवायला बसंल तवा. त्या वक्ताला तुमी काय करणार?"

"ही गेल्यापासून मी त्याच पेल्यातून चहा पितो," भुजंग म्हणाला. "आई दोन दिवस रडली. मग चहा करायचीच बंद झाली. आता मीच करतो. लय वाईट होतो."

सरजाबाईंना हसू आलं, ते त्यांनी पदरात लपवलं. गुरुजी मात्र हसले नाहीत. "मला विचारू नका," ते म्हणाले. "स्पेनला जाताना तिनं मला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. तिलाच विचारा."

अंगणातल्या लिंबाखाली दोघं उभी राहिली. 

"मला तुमच्या आईंचा राग नव्हता आला," विशाखा म्हणाली. "मी घाबरले होते. वाटलं, तुम्ही म्हणाल – तिचं वय झालंय, मनावर घेऊ नका. तसं म्हणाला नाहीत. पण दुसरंही काही म्हणाला नाहीत."

"मला शरम वाटली. माझ्याच घरात, माझ्याच डोळ्यांसमोर... शब्दच फुटंना. पंधरा दिवस लागले."

"फार लागले."

"हो," तो म्हणाला. "फार लागले."

त्यानं सारवासारव केली नाही, हे तिला बरं वाटलं. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. धुळीनं भुरे झालेले केस, नखांच्या कडेला राहिलेला निळा रंग...

"तीनची गाडी आहे परभणीला," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. "म्हणजे... मी जाऊ?"

"आपण जाऊ. तुमच्या आईंशी मलाच बोलायचंय. त्या काहीबाही बोलतील, ते ऐकून घेईन. मग मी बोलेन. लग्न मात्र नोंदणीचं, आणि परीक्षा झाल्यावर. नोकरी मी करणार."

"म्हणजे... हो?"

"तुम्हाला सगळं सोपं करूनच सांगावं लागतं का?" तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "हो. सेव्हिलची गोष्ट सांगताना तुम्ही हसलात ना... तेव्हापासूनच हो."

सरजाबाई "आत्ताच्या आत्ता?" म्हणत राहिल्या. गुरुजी म्हणाले, "जाऊ दे तिला."

गाडीत खच्चून गर्दी होती. लोक बघत होते. विशाखानं त्याचा हात धरला तो परभणीच्या स्टँडपर्यंत सोडला नाही. कंडक्टरला पैसेसुद्धा त्यानं डाव्या हातानं दिले.

दुकानामागचं दार मालनबाईंनी उघडलं. आधी त्यांना मुलगा दिसला, मग ती. त्यांचा हात कडीवरच घट्ट राहिला.

"आई," विशाखा म्हणाली, "मी विशाखा. लिंबाजी गुरुजींची, वालूरची. तुमच्याजवळ बसून बोलायचंय."

 चुलीवर दूध उतू चालल्याचा वास आला, तरी मालनबाई हलल्या नाहीत. त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो आज मान खाली घालून उभा नव्हता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, खूप वेळ, पहिल्यांदाच तोंडाकडे.

मग त्या दारातून जराशा बाजूला सरकल्या.

जागा अगदी थोडी होती. विशाखानं चपला काढल्या, आणि ती आत गेली.