थकलेल्यांची बिछायत

जठारपेठेतल्या, गाद्या-लोड भाड्यानं देणाऱ्या बिछायत केंद्रात गिऱ्हाईक आलं, की कुंदन आधी चेहरा वाचायचा. खुललेला असला तर लग्न, पडलेला असला तर तेरवी. त्यावरून गाद्या कशा मांडायच्या ते ठरायचं. समोरच्या मुलीचा चेहरा मात्र कुठल्याच खात्यात बसेना.

“कार्यक्रम काय आहे?”

“झोपायचा.”

“कोनी?”

“मी झोपनार. लोकं येतीन, वाटलं तं तेही झोपतीन. नाटकच आहे… पन त्यात काही करायचं नाही.”

“मंग पाहायचं काय?”

“थकलेलं मानूस.”

नाव गीतांजली, गाव अमरावती. कुंदननं नमुन्याची गादी तिच्याकडे सरकवली. तिनं हात मागे घेतला.

“नाही उचलत माझ्यानं. ल्युपस आहे. रोगाशी लढायची आपलीच ताकद आपल्याच सांध्यांवर उठते.”

“धडधाकट तं दिसता.”

“तेच तं दुखनं आहे,” ती म्हणाली, आणि हसली.

कुंदनला जीभ चावावीशी वाटली. पण तेवढ्यात ते हसू पाहायचं राहून जाईल, म्हणून चावली नाही.

जेवण नाही, बाजा नाही, म्हणजे दुखवटाच, असा हिशेब करून त्यानं कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमध्ये भिंतीलगत पांढऱ्या गाद्या मांडल्या. मधोमध एकटी गीतांजली, गळ्यापर्यंत पांढरी चादर ओढून, डोळे मिटून. व्हायचं तेच झालं. येणारी माणसं दाराशी चपला काढून, माना खाली घालून, भिंतीला टेकून बसू लागली. भाजी विकून परतणाऱ्या गोदाबाईंनी टोपली बाहेर ठेवली, आत येऊन हात जोडले.

“लहान वयात गेली माय…”

गीतांजलीनं डोळे उघडले. “गेली नाही, मावशी. थकली आहो.”

गोदाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. “मंग असं पडू देतात का?”

“आज देऊन राहिले.”

“मंग मीबी पडते जरा.”

त्या आडव्या झाल्या. मग शेजारचे मास्तर, मग एक नोकरदार बाई… हळूहळू सगळा हॉल. कुंदन दारातून पाहत राहिला. लग्नात त्याच्या गाद्यांवर माणसं मिरवत, तेरवीत अवघडत. नुसती पाठ टेकलेली त्यानं कधी पाहिली नव्हती.

सगळे गेल्यावर ती लोडाला टेकून बसली.

“तुमी तं मले मारूनच टाकलं.”

“चुकलं. चेहरा नाही वाचता आला तुमचा.”

“अजूनही?”

“अजून… वाचूनच राहिलो.”

तिनं चादरीचं टोक उगाच दुमडलं. “रविवारी पाहायले येऊन राहिले मले. आई म्हनते, आजाराचं नाव काढू नको.”

“मंग?”

“काढन. चहाच्या आधी.”

कुंदननं एक लोड विनाकारण झटकला. “त्याइले… नाही म्हना. आमी येतो.”

“दया येऊन राहिली?”

“नाही. भेव वाटून राहिलं… ते हो म्हनतीन याचं.”

तिनं दुमडलेलं टोक सरळ केलं. “तुमच्या आईलेही मीच सांगन. तुमी मधात बोलायचं नाही.”

“नाही बोलत.”

रविवारी अमरावतीच्या बैठकीत कुंदन आईशेजारी दिवाणावर बसला होता. स्वयंपाकघरातून मैनाबाईंची, गीतांजलीच्या आईची, कुजबुज आली : “बोटाइले चटका बसला म्हन.”

गीतांजली बाहेर आली. रिकाम्या हातांनी. बोटं सुजलेली.

“मावशी, पोह्याचा ट्रे आज माझ्यानं उचलत नाही. ल्युपस आहे मले. बरा नाही होत, कमी-जास्त होते. काही दिवस नुसती पडून राहीन. दिसनार काहीच नाही.”

कुंदनच्या आई, मनकर्णाबाई, मुलाकडे वळल्या. तो कबूल केल्याप्रमाणे गप्प.

“याले माहीत होतं?”

“हो,” गीतांजली म्हणाली.

“अन् तरी आनलं यानं मले.” मनकर्णाबाईंनी पदर सारखा केला. बराच वेळ केला. “दुखते तं मंग उभी काहून, पोरी? बस नं.”

समोर मुलीसाठी खुर्ची मांडली होती. गीतांजली दिवाणावर बसली, कुंदनच्या शेजारी. दारात मैनाबाईंचा श्वास अडकला.

“आता बोलू?” कुंदन पुटपुटला.

“बोला.”

“थकल्या असल्या तरी… तुमीच पाहिजे मले.”

“मंग उठा. पोहे थंडे होऊन राहिले.”

कुंदन उठला. ट्रे घेऊन बाहेर आला तेव्हा हातातल्या बशा किणकिणत होत्या, आणि गीतांजली दिवाणावर ऐसपैस टेकून त्याला नखशिखांत न्याहाळत होती… स्थळ पाहायला आल्यासारखी.