हन्नाबाईंची राहिलेली सही

हे माझ्यासोबत घडलंय. ऐकीव नाही. मी डॉक्टर आहे, भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची आयुष्यभर टिंगल केली. खोटंच सांगायचं असतं, तर स्वतःची अब्रू राखून सांगितलं असतं.

साल १९९४. मार्चमधला शनिवार, दुपारचे तीन. रोहा तालुक्यात खांबजवळचं एक गाव. नाव सांगत नाही.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांवर मी संशोधन करत होतो. पेणहून एसटीने जायचं, घरोघरी बसून वीस प्रश्न विचारायचे, फॉर्मवर सही घ्यायची. सहा महिन्यांनी पुन्हा जाऊन तेच प्रश्न.

हन्नाबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्यांचं गावातलं शेवटचं ज्यू घर. मुलगा निसीम इस्रायलला गेलेला, बाकीचं गणगोतही तिकडेच.

"मनातलं कोणाशी बोलता?" मी विचारलं.

"आज तुझ्याशी बोलले."

दोन तास बोलल्या. शेवटी मी पेन पुढे केलं. त्यांनी हात मागे घेतला.

"शनवारी आम्ही लिवत नाय रे बाबा. उद्या ये. सही करते, चहापण ठेवते."

मी पेणचाच. शनिवार पाळून तेलाचा घाणा बंद ठेवत म्हणून या लोकांना आमच्याकडे शनवार तेली म्हणत, हे लहानपणापासून ऐकलेलं. तरी भेटीला नेमका शनिवार निवडला. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

"येतो," म्हणालो.

गेलो नाही.

रविवारी जेवून ताणून दिली. सोमवारी फॉर्म जमा करायचे होते. सहीच्या जागी मी स्वतःचा अंगठा उठवला. शिकलेल्या बाईला अंगठाबहाद्दर करून टाकलं आणि मला काही वाटलंही नाही.

सप्टेंबरअखेर पुन्हा गेलो. दुपारच होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

कडी वाजवली.

आत खुर्ची सरकली...

"थांब, आले."

तोच आवाज. मग पावलं. सावकाश, पाय ओढत. दारापर्यंत आली...

आणि थांबली.

दार उघडेना. मी कान लावला. पलीकडे कोणीतरी दमून श्वास घेत होतं.

"हन्नाबाई, मी डॉक्टर."

काही नाही. आता श्वासही नाही.

"कोणाला हाका मारताय?"

मी दचकलो. समोरच्या घरातली हौसा माझ्या मागे उभी होती.

"हन्नाबाईंना. आत आहेत, आत्ताच बोलल्या."

हौसा माझ्याकडे बघतच राहिली.

"ती मार्चमधीच गेली, साहेब."

मी दाराकडे वळलो. कडीला कुलूप होतं... गंजलेलं. तीच कडी मी वाजवली होती.

"रविवार होता," हौसा सांगू लागली. "सकाळी मी लेकीकडं कासूला निघाले, तवा ही दारात खुर्ची टाकून बसलेली. सांजच्याला आले तरी तिथंच. म्हटलं, घरात जा गो. तर म्हणते, डॉक्टर यायचाय, माझी सही राहिलीय. सोमवारी सकाळी बघते तर... खुर्चीतच."

तिने बंद दाराकडे बोट केलं.

"त्यांच्यात प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. अलिबाग, पनवेलहून गोळा केले. एवढी माणसं त्या घरात मी कधी बघितली नाय."

मग तिने मला निरखून पाहिलं.

"तो डॉक्टर तुम्हीच ना? का नाय आलात?"

लाजेने मान वर होईना. तेव्हा तरी खरं बोलायला हवं होतं.

"वाटेत एसटी बंद पडली," मी म्हणालो.

आणि कुलूपबंद दाराआडून... अगदी कानाजवळून...

"असू दे रे बाबा."

हौसाला ऐकू आलं नाही. ती पदराने डोळे पुसत होती.

माझं संशोधन छापून आलं. सत्कार झाला, शाल मिळाली. हन्नाबाई त्यात एक आकडा आहेत. तो फॉर्म काढून टाकायची हिंमत मला झाली नाही. बायकोलाही यातलं काही माहीत नाही.

हन्नाबाईंनी शिव्या घातल्या असत्या, मानगुटीवर बसल्या असत्या, तर चाललं असतं. कोणीतरी मांत्रिक गाठला असता, उतारा टाकला असता. पण मी खोटं बोलत होतो, आणि त्यांनी मला माफ केलं.

याला उतारा कुठला?