रिकाम्या चौकटीतल्या होड्या

जुईलीच्या आत्याचं लग्न झालं ते साल २०६४. हळदीच्या जेवणाला घोळ मासा हवा, म्हणून तिचे बाबा चार खलाशी घेऊन समुद्रात गेले, आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी वादळाची सूचना आली. जुईली धावतच बंदरावरच्या खोलीत पोचली. तिथे खोली सांभाळणाऱ्या पोशामावशी होत्या आणि मोजणीदार नावाचा यंत्रमानव होता.

भिंतीवर सारणी (आडव्या ओळी आणि उभ्या स्तंभांची मांडणी) उजळली होती. एका ओळीत एक होडी. स्तंभांत होडीचं नाव, माणसं आणि किनाऱ्यापासूनचं अंतर. ओळी एकूण त्रेचाळीस.

“चाळीस किलोमीटरच्या आतल्या आपल्या आपण परततील,” मावशी म्हणाल्या. “लांबच्यांना ओढून आणायला नौका पाठवू. मोजणीदारा, लांबच्या काढ.”

मोजणीदाराने अट (ओळ निवडण्यासाठीचा प्रश्न) लावली. अंतर चाळीसपेक्षा जास्त आहे का? प्रत्येक ओळीला हाच एक प्रश्न. ‘हो’ आलं ती ओळ ठेवायची. अकरा होड्या राहिल्या.

“बाबांची नाही यात,” जुईली म्हणाली.

“मग जवळच असेल की गं! रडतेस कशाला?”

“रडत नाहीये मी. जवळच्या दाखवा.”

मोजणीदाराने अट उलटी केली. तीस होड्या. बाबांची त्यातही नव्हती.

“अकरा आणि तीस, एकेचाळीस. दोन ओळी कुणी गिळल्या?” जुईलीने विचारलं.

“कुणीच नाही,” मोजणीदार म्हणाला. “त्यांची अंतराची चौकट रिकामी आहे. रिकाम्या चौकटीला विचारलं, चाळीसपेक्षा जास्त आहेस का, तर उत्तर ‘हो’ येत नाही आणि ‘नाही’ही येत नाही. येतं ‘माहीत नाही’. म्हणून ती ओळ दोन्ही याद्यांतून गळते. चौकट रिकामी आहे का, हे वेगळं विचारावं लागतं.”

“मग आधी का नाही बोललास, शहाण्या?” मावशी म्हणाल्या.

“कुणी विचारलं नाही.”

आता विचारलं. दोन नावं आली. त्यातलं एक बाबांच्या होडीचं. मावशींनी दोन्ही वाचली.

“मेल्यांनी होडीवरचं, जागा कळवणारं यंत्र बंद ठेवलंय! माशाची जागा शेजाऱ्याला कळू नये म्हणून. आता वादळाची सूचनाही त्यांना ऐकू जायची नाही.”

बाबांची जागा जुईलीला ठाऊक होती. कुणाला सांगायची नाही, अशी शपथ त्यांनी घातली होती. दारात तर सगळे शेजारी उभे. तिने मोठ्याने सांगितलं, “कासवखडकाच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून पन्नास किलोमीटरवर.”

“अच्छा, तिथे होय!” दारातून कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही.

नौका गेली. दिवेलागणीला बाबा चारही खलाशांसह परतले. सगळं कळल्यावर म्हणाले, “जागा गेली म्हणायची.” मग लेकीकडे बघून, “जाऊ दे गं.”

त्या वर्षापासून बंदरावर तीन याद्या निघतात. लांबच्या, जवळच्या आणि माहीत नसलेल्या. तिन्हींची बेरीज एकूण ओळींइतकी आल्याशिवाय खोलीतून कुणी उठत नाही. शेजारच्या दोन बंदरांनीही ही पद्धत उचलली आहे, आणि त्यांना ती शिकवायला जुईली गेली होती.

दुसऱ्या होडीची जागा मात्र कुणालाच ठाऊक नव्हती. तिच्यावर हिराजी वैती आणि त्यांचा मुलगा धनेश होते. धनेश तिसऱ्या दिवशी फळीला धरून जिवंत सापडला. हिराजी वैती २७ मे २०६४ रोजी, वादळाच्याच संध्याकाळी, बुडून वारले.