कोपऱ्यापर्यंतची फेरी

तो पहिल्यांदा आमच्या दुकानात शिरला, तो दारातून नव्हे... शेजारच्या काचेतून! निदान तसा प्रयत्न तरी त्याने केला. कपाळ दाणकन आपटलं आणि काचेमागे मांडलेले चष्मे धडाधड खाली आले.

"दार इकडे आहे," मी म्हटलं.

"असेल," कपाळ चोळत तो म्हणाला. "ते दिसत असतं, तर चष्म्याच्या दुकानात कशाला आलो असतो?"

मला हसू आवरेना. गल्ल्यावरून मामांनी डोळे वटारले. दुकान त्यांचं, भिंगं घासणं आणि गिऱ्हाइकं सांभाळणं माझ्याकडे. हे गिऱ्हाईक कोटांच्या दुकानात कापड बेतायचं, म्हणून मामांनी त्याला लगेच 'मास्तर' करून टाकलं.

मामांचा एक नियम होता. चष्मा खुर्चीत बसून पसंत करायचा नाही. "खुर्चीत सगळंच बरं दिसतं," ते म्हणायचे. चष्मा लावून टपाल कचेरीच्या कोपऱ्यापर्यंत चालत जायचं, परत यायचं, आणि मग बोलायचं. नव्या भिंगातून जमीन वर आल्यासारखी वाटते, पाय चुकतो; म्हणून गिऱ्हाइकासोबत मी जायची.

चष्मा तयार झाला तशी मी मास्तरांबरोबर निघाले.

"झाडाला पानं वेगवेगळी असतात की!" तो थक्क होऊन म्हणाला. मग माझ्याकडे वळला... आणि वळलेलाच राहिला.

"मास्तर, पायरी!"

"पायरी काय, रोजच बघतो."

परत आल्यावर म्हणाला, "डावीकडे जरा खटकतंय." दुसऱ्या दिवशीही खटकलं. तिसऱ्या दिवशीही. नंबर मीच तपासला होता, खटकण्यासारखं काही नव्हतं. पण तो दारात दिसला की माझे पाय आपोआप चपलांत सरकायचे.

त्याच दिवसांत माझ्या डोक्याला एक भुंगा लागला होता. दूरच्या शहरातल्या भिंगांच्या कारखान्याने मला वर्षभर शिकायला बोलावलं होतं. शनिवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. आई म्हणे, "जा." मामा काहीच बोलत नव्हते, ते जास्त लागायचं. रोज खाटेवर बसून मी तेच दळण दळत होते.

"मी कापड कसं कापतो, सांगू?" एकदा चालताना मास्तर म्हणाला. "कात्री लावण्याआधी टेबलाभोवती चक्कर मारतो. कापलेलं परत जोडता येत नाही ना! बसून राहिलो तर नुसती भीती वाटते. चालायला लागलं की... कुठून सुरुवात करायची ते सुचतं."

मग मी बोलायला लागले. तो फक्त म्हणायचा, "बरं, मग?"

"मामांना एकट्याला कसं सोडू?"

"बरं, मग?"

आणि कोपरा येईपर्यंत माझंच मला कळून चुकलं. मामा हे निमित्त होतं. मला भीती होती ती तिथे जमलं नाही तर, याची. परतीच्या वाटेवर वाटलं, नाही जमलं तर इथे यायचंच आहे. मग बिघडलं कुठे?

शुक्रवारी भुरभुर पाऊस होता. निम्म्या रस्त्यात मी म्हटलं, "मी जातेय."

तो थांबला. चष्म्यावर थेंबच थेंब. मी खिशातलं मऊ फडकं काढलं, त्याचा चष्मा उतरवला आणि पुसायला लागले.

"चष्मा पहिल्याच दिवशी नीट बसला होता," तो हळूच म्हणाला.

"ठाऊक आहे."

"मग रोज माझ्याबरोबर कशाला येत होतात?"

"गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं?"

तो हसला नाही. "'जाऊ नका' असं म्हणायचं होतं मला. रोज घरून ठरवून निघायचो. पण चालता चालता तुमचा आवाज मोकळा होत जायचा... मग ते तोंडातून निघेना." जरा थांबून म्हणाला, "त्यापेक्षा मी वर्षभर वाट बघेन. बघू ना?"

मी त्याच्या नाकावर चष्मा नीट बसवला आणि म्हटलं, "असं उभ्या उभ्या ठरवायचं नसतं. दुकानाचा नियम आहे. चला."

आम्ही चालत राहिलो. कोपरा आला तसा तो सवयीने मागे वळला.

मी वळले नाही.

"आज पुढे जाऊ," मी म्हटलं.

दुकानात परतलो तेव्हा अंधारून आलं होतं. कारखान्याचं कळल्यावर मामा म्हणाले, "जा, पोरी." मग मास्तरांच्या भिजलेल्या कोटाकडे बघून, "यांचंही ठरलंच असेल. एवढ्या फेऱ्या काय उगाच?"

वर्ष सरलं, मी परतले, आणि आमचा संसार थाटला. घर घ्यायचं असो की मुलीला परगावी पाठवायचं असो, आमच्याकडे बसून काही ठरलंच नाही. भांडणंसुद्धा आम्ही चालतच मिटवली.

आता त्याचे गुडघे कुरकुरतात. मुलगी म्हणते, "दोघं माझ्याकडे राहायला या." काल संध्याकाळी त्यावर खुर्चीत बसून आमची बरीच काथ्याकूट झाली. शेवटी त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"डावीकडे जरा खटकतंय," तो म्हणाला.

मी त्याच्या हातात काठी दिली आणि चपला पायात सरकवल्या.