पाचव्या झोळीची दोरी

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर इथेच थांबा. माझी सख्खी मावशी, कुसाबाई, खोटं बोलणारी बाई नव्हती.

साल १९७८. श्रावणातली भर दुपार. भुतांना रात्रच लागते, हा गैरसमज आधी काढून टाका.

नाशिकला पंचवटीच्या पुढे टाकलेल्या पोरांचं एक बालगृह होतं. मावशी तिथे आया. खोलीत साडीच्या पाच झोळ्या ओळीने टांगलेल्या आणि पाचही एकाच दोरीत ओवलेल्या. दाराशी बसून दोरी ओढली की सगळ्या हलायच्या. बालगृह चालवणाऱ्या मोठ्या बाईंचा दंडकच होता... रडलं तरी उचलायचं नाही. सवय लागते म्हणे. बाईंची स्वतःची पोरं मात्र कडेवरच वाढली होती.

पाचव्या झोळीतलं पोर आषाढात गेलं. तापाने फणफणलेलं, दिवसभर रडत होतं. मावशी दोरी ओढत राहिली. संध्याकाळी ते गप्प झालं.

झोळी काढली. दोरी तशीच राहिली, पलीकडच्या भिंतीतल्या कडीपर्यंत.

श्रावणातल्या त्या दुपारी मावशीचा डोळा लागला. दोरी हातातून सुटली.

जाग आली तेव्हा...

चारही झोळ्या हलत होत्या.

वारा नव्हता. खोलीत दुसरं मोठं माणूस कोणी नव्हतं. पाचव्या जागेकडून कोणीतरी दोरी ओढत होतं. हळूच... पुन्हा हळूच.

आणि एकही पोर रडत नव्हतं.

मावशी कोणाला बोलली नाही. तिला मूल नव्हतं, आणि चौथ्या झोळीतल्या सुलाला दत्तक घेऊन घरी न्यायचं ठरत आलं होतं. "भुताचं नाव काढलं आस्तं तर बाईंनी मलाच येडी ठरवली आस्ती," ती सांगायची. "आन् खरं सांगू? मला वाटलं, लेकरू बिचारं मदतच करतंय."

मग ती दोरी मुद्दाम सोडून बसायला लागली.

दिवाळीच्या तोंडावर सुला घरी आली. मावशीने तिला उराशी धरलं.

सुला किंचाळली.

कोणीही उचललं की किंचाळायची, काळीनिळी पडेपर्यंत. दूध नाही, झोप नाही. मावशीचे यजमान, निवृत्तीकाका, म्हणाले, "नवी जागा हे. व्हईल सवय." झाली नाही. डॉक्टर झाले, अंगारे झाले. पोर डोळ्यांदेखत वाळत चाललं.

शेवटी मावशीने काळजावर दगड ठेवून तिला परत नेलं. चौथ्या झोळीत निजवलं. दोरीला हात लावला नाही...

झोळी हलायला लागली.

सुला गप्प झाली. पाचव्या रिकाम्या जागेकडे बघून हसली. घरी ती एकदाही हसली नव्हती.

"येतीस का माझ्याकडं?" मावशीने हात पुढे केले.

सुलाने तोंड फिरवलं.

पुढे सुलाचं काय झालं, मावशीने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आता मला नात आहे. ती रडली की मी हातातलं काम टाकून धावते. पण कधी कधी मी पोहोचायच्या आतच ती गप्प झालेली असते...

तेव्हा खोलीत पाऊल टाकायचं धाडस होत नाही.